आधी मैदान, मग संकुल

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळ्यात येतो. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यानंतर संघांची नावं जातात आणि तालुक्याचे सामने ऑगस्ट-सप्टेंबरात उरकावेच लागतात. पुढची जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशी सगळी साखळी परीक्षांच्या आत संपवायची असते. त्यामुळे खेळणाऱ्या पोरांचा पहिला महत्त्वाचा सामना बहुतेक वेळा चिखलातच होतो.

यंदा अशाच एका तालुक्याच्या गावी सतरा वर्षांखालील मुलींचा खो-खो पाहत बसलो होतो. सकाळी दोन क्रीडाशिक्षकांनी सुतळी ताणली, खिळे ठोकले, फक्की मारली. थोड्या वेळाने पावसाची एक सर येऊन गेली आणि निम्म्या रेषा पुसल्या गेल्या. पोरांनी पोत्यांनी पाणी टिपलं, घमेल्यातून मुरूम आणून टाकला, पुन्हा फक्की मारली आणि सामना सुरू झाला. एक संघ चांगला वेगवान होता, पण त्यातली एकही मुलगी सूर मारत नव्हती. पळणारी हातभर अंतरावर असली तरी त्या उभ्यानेच हात लांबवत होत्या आणि ती निसटत होती. समोरच्या संघातल्या दोघी मात्र खांबावर बेधडक सूर मारून गडी टिपत होत्या. निकाल तिथेच ठरला.

सामना संपल्यावर हरलेल्या संघाच्या सरांशी बोललो. त्यांच्या शाळेच्या मैदानात नुसता जाडाभरडा मुरूम आहे, मधूनमधून खडी वर आलेली. सूर मारला की कोपर आणि गुडघे सोलून निघतात. एका मुलीचा हात मोडल्यावर पालकांनीच सांगितलं, खेळू द्या पण लोळू देऊ नका. जिंकलेल्या शाळेत दोन्ही खांबांभोवती चाळलेली माती टाकलेली आहे आणि तिच्यावर रोज पाणी मारून ती मऊ ठेवली जाते. खर्च म्हणाल तर दोन ट्रॉल्या माती आणि एक लांब नळी.

शाळेच्या मैदानावर पैसा का घालायचा, या प्रश्नाचं उत्तर मला या दोन ट्रॉल्यांपासूनच सुरू करावंसं वाटतं. जमीन कशी आहे यावर मुलगी कोणतं कसब शिकते आणि कोणतं कधीच शिकत नाही, हे ठरतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. महिलांनी ७८-४० असा, पुरुषांनी ५४-३६ असा विजय मिळवला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले. ती स्पर्धा बंदिस्त स्टेडियममध्ये, मॅटवर झाली. खो-खो आज मॅटवर गेलेला आहे आणि आपल्या बहुसंख्य शाळांमध्ये साधी चाळलेली मातीसुद्धा नाही. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद एवढ्याच जागेत बसणारा, दोन खांबांशिवाय काहीही न मागणारा हा खेळ. त्याचीही सोय जिथे होत नाही तिथे बाकीच्या खेळांबद्दल काय बोलावं?

कायद्यात मैदान आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला. त्याच्या परिशिष्टात शाळेकडे काय काय हवं याची यादी आहे. त्यात वर्गखोल्या, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण यांच्या बरोबरीने खेळाचं मैदान लिहिलेलं आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचं हायस्कूल त्याच्या कक्षेबाहेर राहतं. अंगात ताकद येते, खेळ गंभीरपणे घेतला जातो, तालुक्याबाहेर जायची संधी मिळते, त्याच वयाला कायद्याचा हात सुटतो. समग्र शिक्षा योजनेत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना वर्षाला पंचवीस हजार रुपयांपर्यंत क्रीडा अनुदानाची तरतूद आहे, पण ती सरकारी शाळांसाठी. महाराष्ट्रातलं माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी अनुदानित संस्थांनी उभं केलेलं आहे. गावोगावची हायस्कुलं अशाच संस्थांची. शिक्षकांचे पगार शासन देतं. मैदानाला मुरूम कुठून आणायचा हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहतो आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलला जातो.

मैदान एकदम जात नाही, हळूहळू जातं. तुकडी वाढली की एका कडेला दोन खोल्या येतात. मग सायकलींची शेड येते, मग पाण्याची टाकी. कुणाच्या लग्नाचा मांडव पडतो आणि त्याच्या खुंट्यांचे खड्डे तसेच राहतात. निवडणुकीची सभा होते, गाड्यांची चाकं ओल्या मातीत रुततात आणि उन्हाळ्यात ते चर दगडासारखे वाळतात. कुणीही मैदान बंद करा असं म्हटलेलं नसतं. तरी पाच-सात वर्षांनी पाहावं तर कबड्डीचं एक क्रीडांगण जेमतेम बसेल एवढीच जागा उरलेली असते, तीही उताराची.

ही झीज सगळ्यात आधी मुलींना लागते, आणि या मुद्द्यावर मला जरा जास्त थांबायचं आहे. मुलगा शाळेत खेळायला मिळालं नाही तर गावाच्या माळावर जातो, नदीकाठी जातो, तालमीत जातो. पंधरा वर्षांच्या मुलीला घरून परवानगी असते ती शाळेत जाण्याची. शाळेच्या आवारात, शिक्षकांच्या नजरेसमोर ती सुटीनंतर तासभर थांबली तर घरचे चालवून घेतात. तालुक्याच्या क्रीडा संकुलात संध्याकाळी एकटी एसटीने जाऊन अंधार पडल्यावर परत येणं बहुतेक घरांना मंजूर नसतं. तिच्यासाठी शाळेचं मैदान हे एकमेव मैदान आहे. आणि मैदानाच्या बरोबरीने दार बंद होणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला एक खोली लागते. ती खोली नसली तर पाळीच्या दिवसांत मुलगी सरावाला येत नाही, मग आठवडाभर येत नाही, मग संघातून नाव जातं. क्रीडाशिक्षकांना हे ठाऊक असतं, पण अर्ज-अहवालांत ‘खेळाच्या सुविधा’ या रकान्याखाली त्या खोलीचा उल्लेखच नसतो.

अमेरिकेत हा रकाना कायद्याने भरून घेतला. १९७२ साली तिथे टायटल नाईन नावाचा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. खेळात समान संधी आहे की नाही हे कशावरून पाहायचं, याची यादी त्याच्या नियमांत आहे आणि तिच्यात कपडे बदलण्याच्या खोल्या, सरावाची आणि सामन्यांची मैदानं स्पष्ट नोंदलेली आहेत. १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली होत्या २ लाख ९४ हजार. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. बेट्सी स्टीव्हनसन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी याच बदलाचा पुढचा हिशेब मांडला. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या राज्यांत मुलींचा खेळातला सहभाग वेगवेगळ्या वेगाने वाढला होता, त्याचा आधार घेऊन त्यांनी दाखवलं की शंभरातल्या आणखी दहा मुली खेळू लागल्या, तर कॉलेजात जाणाऱ्या मुली शंभरात साधारण एकीने वाढतात आणि पुढे नोकरी-व्यवसायात येणाऱ्या बायका एक ते दोनने वाढतात. आकडा लहान दिसतो. पण एखाद्या जिल्ह्यातल्या सगळ्या हायस्कुलांतल्या मुली डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्या एका टक्क्यात किती घरं येतात ते कळेल.

आरोग्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना मान्यच आहे. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. संघटनेच्याच संशोधकांनी २०१६ पर्यंतच्या जगभरच्या आकडेवारीवरून काढलेला निष्कर्ष असा की अकरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी ८१ टक्के मुलांची एवढी हालचाल होत नाही. मुलग्यांत ७८ टक्के, मुलींत ८५ टक्के.

आता एक आक्षेप. तो गावच्या पारावर ऐकू येतो आणि शिक्षणसंस्थांच्या बैठकीतही. अविनाश साबळेकडे कुठे ट्रॅक होता? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, शेतकऱ्याच्या घरचा, काही किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा. तरी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवलं. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाच घेऊन जात होता, ती रांग त्याने मोडली. पुढे २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. दुष्काळी भागातली ही दोन्ही नावं. मग जिद्द हवी, मैदानाचं काय एवढं, असा सूर लागतो.

या आक्षेपात साबळेच्या आयुष्याचा अर्धाच भाग येतो. तो धावपटू म्हणून घडला तो सैन्यात भरती झाल्यावर, विशीत. तिथे ट्रॅक होता, प्रशिक्षक होते, आहार होता, दुखापत झाली तर बघणारे होते. म्हणजे गुंतवणूक झालीच, फक्त ती शाळेने न करता सैन्याने केली आणि काही वर्षं उशिरा केली. त्याच्या वर्गात, शेजारच्या गावात, पुढच्या तालुक्यात त्याच्याइतकेच पाय असलेली जी पोरं सैन्यात गेली नाहीत, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. शिवाय साबळे हा एकच निकष धरला तर ज्या शेकडो मुलांना पदक कधीच मिळणार नाही, पण पळण्याची गरज आहे, त्यांचा विचारच होत नाही.

त्यांच्यातली पुष्कळ मुलं पहाटे दिसतात. पोलीस भरतीची तयारी करणारी. शारीरिक चाचणीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक असते. पन्नास गुणांचा मामला. गावात मोजलेलं धावण्याचं मैदान नाही म्हणून ही पोरं राज्य मार्गाच्या कडेने पळतात. दोन मैलाच्या दगडांमधलं अंतर हाच त्यांचा ट्रॅक. अंधार असतो, उसाचे ट्रॅक्टर असतात, भरधाव मालवाहू गाड्या असतात. सरावाला गेलेल्या मुलांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. हायस्कुलाच्या मैदानाभोवती दोनशे मीटरची सपाट पट्टी आखून दिली, पहाटे पाच ते सात फाटक उघडं ठेवलं, तर ही मुलं रस्त्यावरून आत येतील. त्यासाठी लागतो एक दिवा आणि किल्ली सांभाळणारा एक माणूस.

महाराष्ट्राने खेळावर पैसा घातलाच नाही असं कुणी म्हणू नये. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याजवळ बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. निवडलेल्या मुलांसाठी क्रीडा प्रबोधिनी आहेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचं कांस्य मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याच व्यवस्थेतून पुढे आला. विभाग, जिल्हा आणि तालुका अशा तिन्ही पातळ्यांवर संकुलांची योजना आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. संकुल निवडलेल्या मुलासाठी असतं, आणि निवड होण्याआधी त्या मुलाला कुठेतरी खेळताना दिसावं लागतं. ते ‘कुठेतरी’ म्हणजे त्याच्या शाळेचं मैदान. पैलवान खाशाबा जाधव १९५२ च्या ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. मराठी समाज तयार झालेल्या खेळाडूसाठी अशी उडी घेतो, आजही घेतो. वर्गणी होते, सत्कार होतात. पण आठवीतल्या पोरीच्या पायाखालच्या मातीसाठी वर्गणीचं पावतीपुस्तक निघत नाही.

संकुल बांधतानाही पैसा कुठे जातो ते पाहायला हवं. टेक्सासमधल्या ॲलन या गावाने आपल्या हायस्कुलासाठी सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार प्रेक्षकांचं फुटबॉल स्टेडियम बांधलं. २०१२ मध्ये ते उघडलं. पैसा कर्जरोख्यांचा होता आणि त्याला गावाने आधी मतदान करून मंजुरी दिली होती. दोन वर्षांच्या आत काँक्रीटला तडे दिसले आणि २०१४ मध्ये ते बंद करावं लागलं. दुरुस्ती होऊन पुन्हा वापरात यायला २०१५ उजाडलं. त्या गावाकडून एक गोष्ट घ्यावी: शाळेच्या खेळावर किती खर्च करायचा हे गावकऱ्यांनी मतदान करून ठरवलं, मंत्रालयातून आदेश यायची वाट पाहिली नाही. आणि एक टाळावी: एवढ्या पैशातला मोठा वाटा पाहणाऱ्यांच्या आसनांवर गेला. आपल्या छोट्या संकुलांतही प्रेक्षागृहाच्या पायऱ्या आणि प्रवेशद्वार आधी पुरं होतं, आणि धावपट्टीवर गवत माजतं. पायऱ्यांवर बसणारा वर्षातून दोनदा येतो. धावणारा रोज येतो.

मुंबईसारख्या ठिकाणी शाळेकडे जागाच नसते, तिथे काय? तिथे सार्वजनिक मैदान हेच शाळेचं मैदान. शारदाश्रम शाळेचा सचिन तेंडुलकर आचरेकर सरांच्या नेटमध्ये शिवाजी पार्कवर घडला आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने व विनोद कांबळीने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली ती आझाद मैदानावर. दोन्ही जागा शाळेच्या मालकीच्या नव्हत्या. शहराने त्या मोकळ्या ठेवल्या होत्या. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठवण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा तो शाळांशी संबंधित प्रश्न आहे, हे पालक-शिक्षक संघांनी ध्यानात ठेवायला हवं आणि हरकत नोंदवायला हवी.

आता गावच्या मैदानाकडे परत. देशावरच्या कितीतरी शाळा काळ्या मातीवर उभ्या आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरून कितीही मुरूम टाकला तरी दोन पावसाळ्यांत तो खाली जातो आणि माती वर येते. दरवर्षी मुरूम टाकून कंटाळलेल्या मुख्याध्यापकांना वाटतं, हे काही टिकत नाही. चूक मुरुमाची नसते. आधी वरचा थर खरवडून काढायचा, दगडाचं सोलिंग करायचं, त्यावर मुरूम थराथराने टाकून, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि सगळ्यात वर चाळलेली माती. मैदानाचा मधला भाग किंचित उंच आणि दोन्ही बाजूंना शंभराला एक असा उतार. म्हणजे तीस मीटर रुंदीच्या मैदानात मध्यापासून कडेपर्यंत पंधरा सेंटिमीटर. डोळ्याला तो उतार जाणवतही नाही, पळणाऱ्यालाही नाही, पण पाण्याला जाणवतो. कडेने चर, आणि चराला आवाराबाहेर निघायची वाट. ही बाहेरची वाट काढायचीच राहते आणि मग चर तुंबून पाणी पुन्हा मैदानात येतं.

लांब उडीचा खड्डाही असाच. पावणेतीन मीटर रुंदीची पेटी आणि तिच्यात धुतलेली नदीची वाळू. खर्च एकदाच. पण वाळू पावसाने बसते, कडक होते आणि तीवर पडणाऱ्याचा घोटा जातो. रोज सरावाआधी फावड्याने ती खालवर करायची, दाताळ्याने सपाट करायची, रात्री कुत्री-मांजरं येऊ नयेत म्हणून ताडपत्रीने झाकायची. हे कोण करणार? मैदानावरचा खर्च मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात हा माणूस पहिला असतो. शाळेत शिपायाचं पद असतं, प्रयोगशाळा परिचराचं असतं, मैदानाचं कुणीच नसतं. क्रीडाशिक्षक असतात तिथे त्यांच्यावर इतर विषयांचे तास आणि परीक्षांची कामं असतात. उच्च प्राथमिक वर्गांत तर शारीरिक शिक्षणाला कायद्यानेच अंशकालीन निदेशक नेमला आहे, तोही पटसंख्या शंभरावर असेल तर. बांधकामाला निधी मिळतो, कारण त्याचं उद्घाटन होतं. माती चाळणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या पगाराला कुठलंही लेखाशीर्ष नाही. नव्या संकुलाला मंजुरी देताना त्या तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कुलाच्या मैदानासाठी वर्षाची ठरावीक देखभालीची रक्कम त्याच आदेशात बांधून द्यावी, ही माझी मागणी आहे. संस्था खासगी असो वा सरकारी, खेळणारी मुलं त्याच तालुक्याची आहेत.

शासन हे करेपर्यंत थांबायची गरज नाही. दिवाळीच्या सुटीत गावोगावी माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. अमुक सालची दहावीची तुकडी एकत्र येते, सरांचा सत्कार होतो, मोबाइलवर फोटो फिरतात आणि शाळेला काहीतरी द्यायचं ठरतं. बहुतेकदा ते प्रवेशद्वार असतं, नाहीतर टीव्ही किंवा बाक. त्या बैठकीत कुणीतरी मुख्याध्यापकांना घेऊन मैदानावर एक चक्कर मारावी. पाणी कुठे साचतं, ते शाळेच्या शिपायाला तोंडपाठ असतं. चराची बाहेरची वाट कुणाच्या शेताच्या बांधाला अडते, हेही त्यालाच ठाऊक असतं. तो बांधाचा मालक कदाचित त्याच तुकडीतला असेल. जानेवारीपासून काम धरलं तर मेअखेर सोलिंग, मुरूम आणि रोलर होऊन जातो, आणि जूनच्या पहिल्या पावसात उतार बरोबर निघाला की नाही ते समजतं. मुलींच्या खोलीचं दार आणि नळ त्याच यादीत लिहावा, वेगळी यादी करू नये. आणि फाटकाची किल्ली पहाटे कुणाकडे राहील, त्याचं नाव बैठक उठण्याआधी इतिवृत्तात घालावं.